‘तोच हा’ : अनेक कॅमेऱ्यांच्या नोंदी आणि तादात्म्याचा प्रश्न

हरसूल या नावाचे एक गाव नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. दुसरे छत्रपती संभाजीनगरला लागून असून तेथील तलाव व कारागृह सर्वपरिचित आहेत. उलटपक्षी त्र्यंबक व त्र्यंबकेश्वर ही नावे दोन, पण गाव एकच. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात नवल वाटणार नाही. एका नावाचे अनेक अर्थ व एका अर्थाची अनेक नावे हा भाषेचा नित्यधर्मच होय, आणि बोलणारा संदर्भाच्या बळावर त्यातून वाट काढतो. तथापि ज्या ठिकाणी नोंद करणारा एक व ती वाचणारा दुसरा असतो, तेथे हे बळ तुटते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकास पहिल्या हरसूलच्या परिसरातच आला. कोकणा बोलीची नोंद घेताना आमच्या दोन विद्यार्थ्यांनी एकाच वृद्धेची मुलाखत निरनिराळ्या दिवशी घेतली. एकाने तिची नोंद सासरच्या पाड्यावरून केली, दुसऱ्याने माहेरच्या. तक्ता तयार झाला तेव्हा एका निवेदिकेच्या दोन झाल्या होत्या, आणि तिच्या उच्चारातील एक वैयक्तिक लकब ‘दोघींनी’ पुष्टी दिलेला बोलीविशेष ठरली होती. चूक आमचीच होती. दोन्ही वह्यांतील प्रत्येक ओळ खरी असूनही त्यांची बेरीज खोटी आली.

अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने माणसांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. नाशिकचा सिंहस्थ हे त्याचे जवळचे उदाहरण. स्नाने नाशिकला रामकुंडावर आणि सुमारे ३० किलोमीटर दूर त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर होतात. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत, तर त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलिसांच्या. नगरप्रशासने वेगळी, रेल्वेचे सुरक्षादल वेगळे. यात्रेकरू मात्र या सीमा जाणत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. तेव्हा गर्दी कोठून कोठे सरकते आहे हे वेळेवर कळणे, आणि चुकलेले मूल वा वृद्ध शोधून काढणे, हा केवळ तांत्रिक कुतूहलाचा विषय नव्हे.

निरनिराळ्या यंत्रणांच्या नोंदी एकत्र करावयाच्या, तर प्रथम शब्दांचा मेळ घालावा लागतो. एका यंत्रणेत ‘वस्तू’ म्हणजे चित्रातील एक चौकट. दुसरीत ‘वस्तू’ म्हणजे माणूस. तिसरीत हलणारे काहीही, मग ती बैलगाडी का असेना. एकीचे ‘स्थान’ पडद्यावरचे असते, दुसरीचे भूमीवरचे. ‘वेळ’ ही चित्र टिपल्याची की गणित पुरे झाल्याची, हेही संदिग्धच. हा गोंधळ टाळण्यासाठी संगणकशास्त्राने तत्त्वज्ञानातून ‘ऑन्टॉलॉजी’ ही संज्ञा घेतली. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेल्या प्रसिद्ध व्याख्येचा आशय असा, की एखाद्या विषयात आपण कोणकोणत्या गोष्टी मानतो व त्यांचे परस्परसंबंध कोणते, याचे उघड विधान म्हणजे ऑन्टॉलॉजी. वैशेषिकांची पदार्थगणना ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. शब्दकोश अर्थ देऊन थांबतो. येथे कोणता पदार्थ कोणाशी कोणत्या संबंधाने जोडता येईल याचे नियमही सांगितलेले असतात, व यंत्र त्यांवरून अनुमान करू शकते. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम व ओपन जिओस्पेशियल कॉन्सॉर्शियम यांनी २०१७ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘सोसा’ या ऑन्टॉलॉजीत घटना घडल्याची वेळ व फलित हाती आल्याची वेळ ही दोन पृथक् मानली आहेत, ती याच कारणास्तव.

शब्दांचा मेळ बसला तरी खरी अडचण पुढेच आहे. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही. त्याला एका क्षणीचे दर्शन घडते. अशी लगतची दर्शने जोडून एक मार्गरेषा बनते. रामकुंडाजवळची मार्गरेषा व त्र्यंबकच्या रस्त्यावरची मार्गरेषा एकाच व्यक्तीची, हे मात्र दर्शन नसून प्रतिपादन आहे. आपल्या दर्शनकारांनी ‘तो हा देवदत्त’ या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हटले व तिच्या प्रामाण्याविषयी दीर्घ वाद केले. यंत्राची प्रत्यभिज्ञा बहुधा वस्त्रांचा रंग, बांधा, चाल यांवर उभी असते. भगव्या वस्त्रांतील साधूंच्या मेळ्यात रंगाचा आधार किती टिकेल, हे सांगावयास नको.

येथे प्रचलित ऑन्टॉलॉजी-भाषेतील एक सोय घातक ठरते. २००४ साली प्रमाणित झालेल्या ‘आउल’ या भाषेत ‘क तोच ख’ असे सांगण्यासाठी एक संबंध आहे. तो तर्कदृष्ट्या पूर्ण तादात्म्याचा आहे: क तोच ख, ख तोच ग, म्हणून क तोच ग, आणि एकाविषयी जे खरे ते सर्वांविषयी खरे. साखळीतील एक दुवा चुकला की दोन अनोळखी माणसे एक होतात, आणि एकाचे गैरवर्तन दुसऱ्याच्या माथी येते. म्हणून यंत्रणांनी एकमेकींना तादात्म्य देऊ नये. दर्शने द्यावीत, मार्गरेषा द्याव्यात, आणि ‘त्या एकाच व्यक्तीच्या आहेत’ हे विधान स्वतंत्र नोंद म्हणून द्यावे: ते कोणी केले, कशावरून केले, किती खात्रीने केले यांसह. असे विधान नंतर मागे घेता येते आणि मूळची दर्शने अबाधित राहतात. आमच्या तक्त्यातही ‘या निवेदिका दोन आहेत’ हे विधान कोणी व कशावरून केले याची नोंद नव्हती. ती असती तर चूक एका दुपारी सापडली असती.

अभावाचा प्रश्नही येथेच येतो. चुकलेल्या आजीविषयी त्र्यंबकच्या यंत्रणेने ‘नोंद नाही’ असे कळविले, तर त्याचा अर्थ काय? आउलच्या तर्कात न सांगितलेले ते खोटे असे धरत नाहीत. पण यंत्रणेपुढे बसलेला कर्मचारी ते तसेच धरतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी प्रमाण मानली, ती ‘योग्य’ असेल तरच: वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट न दिसण्याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याचा दृष्टिपल्ला किती, तो कोणत्या वेळी चालू होता, पावसाने भिंग कधी धूसर झाले, याही गोष्टी सामायिक शब्दावलीत हव्यात; अन्यथा कॅमेरा बंद असलेला तास आणि आजी तेथे नसलेला तास या दोहोंची नोंद एकच होईल.