मुंबई १७० किलोमीटर

रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ४५ हजार भरली. सकाळच्या गर्दीतल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे सगळा तालुका, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट आणि पाळण्यातल्या पोरांसकट, नऊ-दहा लोकलमध्ये मावतो. तीन-चार मिनिटांना एक गाडी धरली, तर दादरच्या एका फलाटावर उभं राहून पाऊण तासाच्या आत अख्खा तालुका डोळ्यांसमोरून निघून जाईल. मुंबईत रोज ७० लाखांहून जास्त लोक लोकलने फिरतात, त्यात हा आकडा कुणाच्या लक्षातही येणार नाही.

एका अर्थाने तो तिथे मिसळलेलाच आहे. महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमध्ये असं घर विरळा, ज्याचं एक माणूस मुंबईत नाही. गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एकाच खोलीत एका गावचे वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपणारे. आता ती माणसं दिवा, नालासोपारा, विरारला गेली; पण गावच्या देवळाचं छप्पर घालायचं की सभामंडप आधी बांधायचा, हे अजूनही ‘मुंबई मंडळ’ ठरवतं. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. तिथे २०११ साली हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, आणि राज्याची सरासरी होती ९२९. हा काही मुलींच्या जन्माचा चांगला निकाल नव्हे. पुरुष मुंबईत मोजले गेले.

महाड मुंबईपासून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर, पोलादपूर त्यापुढे वीसेक. पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवरच्या डहाणूपर्यंत जाते, मध्य रेल्वेची कसाऱ्यापर्यंत, म्हणजे १२१ किलोमीटर. आमच्या दिशेने येणारी हार्बरची लोकल ४९ किलोमीटरवर पनवेललाच थांबते. कोकण रेल्वे १९९३ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंत आली. पण वीर महाड शहरापासून लांब, आणि गाड्या मोजक्या. त्यामुळे डहाणूचा माणूस रोज मुंबईला जाऊन रात्री घरी जेवतो. महाडच्या माणसाला मुंबईतच बिऱ्हाड करावं लागतं. उपनगर आणि गाव यांच्यातला फरक इथे पन्नास किलोमीटरनी ठरला.

हे अंतर आपलं माप सारखं बदलतं. २४ डिसेंबर १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. हरिहरेश्वरमार्गे दासगाव बंदराला पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. तिथून पाच मैल पायी महाड. त्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ज्या गावात इतिहास घडला ते गाव तेव्हा मुंबईपासून एका रात्रीहून जास्त लांब होतं. आज रस्ता मोकळा असेल तर चार-पाच तास लागतात. पण गणपतीच्या आदल्या रात्री दहा-बारा तास लागलेली माणसं कुठल्याही वाडीत भेटतील. म्हणजे तासाला चौदा ते सतरा किलोमीटर, सायकलचा वेग.

त्या रात्रीचा आवाकाही बघा. २०२५ च्या गणपतीला एसटीने कोकणासाठी पाच हजार जादा गाड्या जाहीर केल्या. एक गाडी साधारण १२ मीटर लांब. एकीला एक चिकटून उभ्या केल्या तर ६० किलोमीटरची रांग होते, पनवेलहून निघून कोलाडच्या अलीकडेपर्यंत पोचणारी. यात खाजगी बस, जीपा आणि मोटारसायकली धरलेल्याच नाहीत.

आणि ही रांग चालते कुठल्या रस्त्यावर? पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि २०२४ च्या गणपतीतही ते अपुरं होतं. भूसंपादन रखडलं, कर्नाळ्याच्या अभयारण्याचा प्रश्न आला, ठेकेदार बदलले. कारणं खरी आहेत. पण ८४ हजार मीटरला तेरा वर्षांच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला १८ मीटरही येत नाहीत. रोज दीड एसटी उभी राहील इतका रस्ता, आणि तोही पुरा नाही. मला हा हिशेब करताना संताप येतो, कारण याच महामार्गावर याच्या उलट उदाहरण आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी नदीत गेल्या, दोन्ही मुंबईकडे निघालेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर २३९ मीटरचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये, पुढचा पावसाळा भरायच्या आत, वाहतुकीला खुला झाला.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. तिथूनच कृष्णाही निघते आणि १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्रीला समुद्रापर्यंत शंभराच्या आसपासच किलोमीटर मिळतात, आणि साडेतेराशे मीटरची उंची ती त्यातल्या पहिल्या थोड्याच अंतरात उतरते. पोलादपूर ओलांडून महाडला येईतो नदी जवळजवळ समुद्रसपाटीला आलेली असते. वर धो धो पाऊस, खाली बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती, आणि मध्ये महाडची बाजारपेठ.

२२ जुलै २०२१ पासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लंडनला वर्षभरात साधारण एवढाच पडतो. हा पाऊस घाटमाथ्याच्या फक्त एका चौरस किलोमीटरला लावला, तर ५९ कोटी ४४ लाख लिटर पाणी होतं. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पुरवलं जातं. साडेसहा चौरस किलोमीटरवर एका दिवसात पडलं ते सव्वा कोटी वस्तीच्या शहराला दिवसभर पुरलं असतं.

त्या दिवशी ते पाणी महाडमध्ये दुकानांच्या माळ्यांपर्यंत चढलं. तळिये गावावर दुपारनंतर डोंगर आला आणि ८० हून जास्त माणसं गाडली गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. रस्ते पाण्याखाली, फोन बंद, वीज नाही. मोठी मदत तळियेला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. १९२७ साली बोटीला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळून दोनशेच्या घरात माणसं गेली होती, तेव्हाही मदतीची वाट अशीच बघावी लागली होती.

याच पोलादपूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतात. डोंगरावरच्या वाडीत टँकर आला की पाइप विहिरीत सोडतात. पाणी तळाशी पसरतं, ते निवळायच्या आत पोहरे खाली जातात, आणि गढूळ पाणी फडक्यातून हंड्यात गाळलं जातं. निळे ड्रम कठड्यापासून ओळीने आधीच मांडलेले असतात, कुणाचा कुठला हे झाकणावरच्या रंगावरून कळतं. कातळ पाणी धरत नाही, उतार थांबू देत नाही, आणि पावसाळ्यात अडवून ठेवायची सोय वाडीपर्यंत आलेली नाही.

दहा हजार लिटरचा एक टँकर धरा. एका चौरस किलोमीटरवरचं त्या एका दिवसाचं पाणी म्हणजे ५९,४४० टँकर. रोज एक टँकर वापरणाऱ्या वाडीला ते १६२ वर्षं पुरलं असतं. नालासोपाऱ्याच्या खोलीत नळ तासभरच येतो, तरी गावची सून तिकडेच राहायचं म्हणते, आणि तिचं म्हणणं मला अगदी रास्त वाटतं.