तिळाएवढा पुरावा

मी वैद्य नव्हे. मुलांना विज्ञान शिकविण्यांत आयुष्य घालविलेला, स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेला असा एक मास्तर आहें. असें असतां, फुप्फुसांतील तुकडा काढणाऱ्या हत्यारांविषयीं बोलण्याचें धाडस मी करीत आहें, त्याचें कारण घरगुती आहे.

गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या भावाचा खोकला कांहीं केल्या हटेना. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत उजव्या फुप्फुसावर सावली दिसली. कफांत क्षयाचे जंतु सांपडले नाहींत. घरांत कोणी शब्द उच्चारीना, पण सर्वांच्या मनांत कर्करोगच होता. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, सावली कोणाची हें सावलीकडे पाहून सांगतां यावयाचें नाहीं. तुकडा काढून पाहिला पाहिजे."

हा प्रसंग आपल्या देशांत पुष्कळांवर येतो. क्षय आणि कर्करोग यांच्या सावल्या कधीं कधीं इतक्या सारख्या दिसतात कीं, कर्करोगाचा रोगी महिनेच्या महिने क्षयाचीं औषधें घेत राहतो आणि मोलाचा काळ निघून जातो. सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलेला तुकडा हाच येथें खरा साक्षीदार. पण तो आणावयाचा कसा?

श्वासमार्ग म्हणजे उलटा टांगलेला वृक्ष. श्वासनलिका हें त्याचें खोड. त्याची रुंदी दीड ते दोन सेंटिमीटर. पुढें सुमारें २३ वेळां फांटे फुटत ही वाट वायुकोशांपर्यंत पोंचते. १८९७ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें गुस्ताव किलियन यांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गांत अडकलेलें हाड सरळ नळींतून पाहून बाहेर काढलें. पुढें अमेरिकेंत शेव्हालिए जॅक्सन यांनीं नळीच्या टोंकाशींच दिवा नेला. परंतु सरळ धातूची नळी फांद्यांच्या वळणांत शिरणार कशी? ती अडचण जपानच्या शिगेतो इकेदा यांनीं दूर केली. १९६६ सालीं त्यांनीं बारीक काचतंतूंची लवचिक दुर्बीण जगापुढें मांडली. आज अशा नळीच्या टोंकाशीं बहुधा चिमुकला कॅमेराच बसविलेला असतो.

आतां हत्यार घडविणाराची अडचण पाहा. नळी साधारणपणें ५ ते ६ मिलिमीटर जाड. ती याहून फार जाड करतां येत नाहीं, कारण तिच्या भोंवतालच्या जागेंतूनच रोग्यानें श्वास घ्यावयाचा असतो. तेवढ्या जाडींत दिवा, कॅमेरा आणि टोंक वळविण्याच्या तारा बसवून हत्यारासाठीं उरतो तो २ ते २.८ मिलिमीटरचा बोगदा. रक्त व कफ शोषून घेण्याची वाटही तीच!

या बोगद्यांतून जाणारा चिमटा सुमारें १ मीटर लांब असतो. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. बाहेर घट्ट वेटोळ्यांचें वेष्टण व आंत सरकणारी तार. वेष्टण वांकलें पाहिजे, पण लांबींत दबतां कामा नये. तें दबलें तर इकडे मूठ आवळूनही तिकडे जबडा मिटणार नाहीं. जबडा म्हणजे दोन इवल्याशा वाट्या. निसरड्या जागीं पकड सुटूं नये म्हणून कांहींना दांते असतात. आणि तुकडा चिरडूं नये म्हणून पुष्कळदां वाटीला भोंक ठेवितात. हें भोंक महत्त्वाचें. तपासणाराला नुसत्या पेशी नकोत, त्यांची मांडणी हवी. कुस्करलेल्या पाकळ्यांवरून फूल ओळखणें कठीण!

माझ्या भावाच्या बाबतींत हेंच घडलें. तिळाएवढे कांहीं तुकडे निघाले. परंतु ते दबलेले होते, त्यांवरून निर्णय होईना. दुसऱ्या खेपेस गोठविणारी सळई वापरण्याचें ठरलें. तिच्या टोंकाशीं दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायु एकदम पसरतो आणि टोंक अतिशय थंड होतें. बर्फाच्या गोळ्याला ओली जीभ चिकटावी, तसें पेशीजाल कांहीं सेकंदांत सळईला चिकटतें. हा तुकडा मोठा व न चिरडलेला निघतो. बोगद्यांत तो मावत नाहीं, म्हणून सळई व दुर्बीण एकदमच बाहेर काढावी लागते.

मग चिमटा टाकूनच कां देऊं नये? कारण मोठ्या तुकड्याबरोबर मोठा रक्तस्रावही येऊं शकतो. दुर्बीण बाहेर असतां आंत रक्त वाहूं लागलें तर पाहणार कोण? म्हणून ती फांदी बंद करण्यास आधींच एक लहान फुगा ठेवून देतात. फुप्फुसाला छिद्र पडून भोंवतीं हवा साठण्याचाही धोका दोन्ही हत्यारांत असतो. तात्पर्य, हत्याराचें माप ठरतें तें दोन गरजांच्या मध्यें: रोग्याला श्वास घेतां आला पाहिजे आणि सूक्ष्मदर्शकाला उत्तर देतां आलें पाहिजे.

भावाच्या तुकड्यांत क्षयाच्या गांठी सांपडल्या. सहा महिने औषध घेऊन तो बरा झाला. उत्तर उलटही येऊं शकलें असतें. पण तेंही उत्तरच असतें, आणि उपचार त्या दिवसापासून सुरू झाले असते.

"हत्यार लागलें कीं रोग पसरतो" असें आपल्याकडे अजून ऐकूं येतें. श्रोतेहो, त्या भीतीनें तपासणी टाळूं नका. आपल्या डॉक्टरांना खुशाल विचारा: कोणतें हत्यार, किती तुकडे, आणि रक्त आल्यास काय तजवीज? प्रश्न विचारण्यांत उपमर्द नाहीं. सावलीला घाबरून अंधारांत बसण्यापेक्षां तिळाएवढा पुरावा पुष्कळ बरा.