कबर, कावळा आणि साक्षीदार

नागपुरात 1845 साली आलेला स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी पुराव्याचा भोक्ता होता. चांद्याकडच्या मांगली गावच्या वालुकाश्मातली एक चपटी कवटी त्याच्यामुळे लंडनला पोचली आणि रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये त्या प्राचीन उभयचराचे ‘ब्रॅकिऑप्स’ असे बारसे केले. दगड फोडून पुरावा काढणाऱ्या या माणसाचा धर्म मात्र येशूच्या रिकाम्या कबरीवर उभा होता. आणि त्यानेच, मेलेला उठल्याची आणखी एक कथा गोंडांची गाणी गाणाऱ्या परधानाच्या तोंडून उतरवून घेतली!

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने 1866 मध्ये छापले. त्यातले गोंडांच्या लिंगोचे गाणे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने मुळातून वाचावे. वहिन्यांनी घेतलेला खोटा आळ खरा मानून भाऊ लिंगोला शिकारीच्या बहाण्याने रानात नेतात, बाणांनी मारतात, त्याचे डोळे काढतात. मग देवाचा कावळा रानोमाळ हिंडून प्रेत हुडकतो, त्याच्यावर अमृत शिंपडले जाते आणि झोपेतून जागा व्हावा तसा लिंगो उठून भावांची चौकशी करतो. पुढे गुहेत कोंडलेल्या गोंडांना तोच सोडवतो. टेंपलच्या पुस्तकात या भागाला मथळाच मुळी लिंगोच्या पुन्हा जिवंत होण्याचा आहे.

हिस्लॉपचाच देशबांधव डेव्हिड ह्यूम याने 1748 मध्ये नेमके अशा पेचावर बोट ठेवले होते. निरनिराळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांची साक्ष खोडतात. एकाचा मानायचा तर दुसऱ्याचा का नाही? थॉमस पेनने येशूच्या थोमा या शिष्याचीच बाजू घेतली: त्याला उठलेल्या येशूला पाहिल्या-चाचपल्याशिवाय पटले नाही, मग इतरांनी का मानावे? येशू मेलाच नव्हता, बेशुद्ध होता, हा तर्कही पुष्कळांनी लढवला. तो लंगडा आहे. डेव्हिड स्ट्राउस स्वतः संशयवादी, पण त्यानेच तो निकालात काढला: अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस शिष्यांना मृत्यूचा विजेता कसा वाटेल?

महाराष्ट्रात मोरभट दांडेकरांनी 1831 मध्ये मिशनरी जॉन विल्सनशी वाद घातला; 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी भिडले. तो इतिहास मोठा आहे, पण जागा लिंगोला हवी.

मार्कंड्याला, चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, महाशिवरात्रीला जत्रा भरते. यमाच्या फासातून सुटलेल्या मार्कंडेयाचे साक्षीदार तिथे कोणी मागत नाही. किंगरीवर लिंगो गाणाऱ्या परधानालाही कोणी मागत नाही, कारण त्याने गाण्यावर कसलीच पैज लावलेली नाही. येशूचा प्रेषित पौल याने लावली. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असे त्याने करिंथकरांना स्वतः लिहिले आणि पाचशेहून अधिक जणांनी त्याला पाहिल्याचे सांगितले. ही साक्ष घटनेनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांची, म्हणून वजनदार. पण त्या पाचशेंपैकी एकाचाही स्वतःचा शब्द उरलेला नाही.

शुभवर्तमानांतले तपशीलही जुळत नाहीत. कबरीकडे जाणाऱ्या स्त्रिया मार्कमध्ये तीन, मत्तयात दोन, योहानात नाव फक्त मग्दालीया मरीयेचे. चौथ्या शतकातल्या दोन थोर हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबतो: स्त्रिया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. उठलेला येशू ज्यांत दिसतो ती पुढची बारा वचने नंतरची भर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.