इस्पितळाच्या दाराबाहेरची प्रकरणे

मनोविकाराच्या आवर्तात सापडलेल्या तरुण जिवाची कथा सांगताना लेखक बहुधा व्याधीच्या भीषणतेत गुंतून पडतात आणि नायिकेने इस्पितळाचा उंबरठा ओलांडताच लेखणी खाली ठेवतात. परंतु जोॲन ग्रीनबर्ग यांनी 1964 साली ‘हॅना ग्रीन’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ या कादंबरीची खरी थोरवी, माझ्या मते, त्या उंबरठ्यापलीकडच्या प्रकरणांत आहे.

सोळा वर्षांची डेबोरा ब्लाउ ‘यर’ नावाच्या स्वकल्पित राज्यात, तेथील स्वतंत्र भाषेत आणि निष्ठुर देवतांच्या धाकात वावरत असते. ग्रीनबर्ग स्वतः 1948 पासून मेरीलँडमधील चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात, जर्मनीतून परागंदा झालेल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविकारतज्ज्ञ विदुषींच्या उपचारांखाली होत्या; कादंबरीतल्या डॉ. फ्रीड त्यांच्यावरूनच बेतलेल्या आहेत. मनोविकारांवरची आधुनिक औषधे तेव्हा यावयाची होती; क्षोभ अनावर झाला की रुग्णाला बर्फगार ओल्या चादरींत घट्ट गुंडाळून खाटेशी जखडून ठेवीत. अशा जखडलेल्या रुग्ण स्त्रीला एका सेवकाने मारल्याची फिर्याद डेबोरा घेऊन येते, तेव्हा डॉक्टरीणबाई तिला निखळपणे सांगतात की, परिपूर्ण न्यायाची, गुलाबांच्या बागेची हमी आपण कधी दिलीच नव्हती. ग्रंथाचे नाव याच प्रसंगातून उगवले आहे.

पुढे इस्पितळाबाहेर पडून डेबोरा गावात खोली भाड्याने घेते, चर्चच्या गायकवृंदात आणि शिवणवर्गात जाऊ लागते, आणि सौजन्याने वागणाऱ्या त्या मंडळींतही परकीच राहते. नोकरी मागावी तर शालान्त परीक्षेचा दाखला नाही; म्हणून ती शाळकरी पुस्तके पुन्हा हाती धरते आणि समकक्ष परीक्षा उत्तीर्ण होते. मुलाचे एक वर्ष बुडाले की घराण्याची अब्रू बुडाली असे मानणाऱ्या आपल्याकडील पालकांनी ही पाने अवश्य वाचावीत.

आणि नेमक्या त्या यशाच्या पाठोपाठ व्याधी उलटते, डेबोरा पुन्हा वॉर्डात दाखल होते! या परतण्याला पराभव न ठरविण्याचा लेखिकेचा विवेक मला फार मोलाचा वाटतो. भोवती कल्लोळ चालू असतानाच डेबोरा पाठ्यपुस्तक उघडून बसते आणि यरच्या देवतांचा निरोप घेते.

डेबोराच्या आजाराला दिलेले ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव पुढे काही तज्ज्ञांनी अमान्य केले. ग्रीनबर्ग मात्र कोलोराडोत संसाराला लागल्या, 1970 साली त्यांनी बधिर दांपत्याच्या जीवनावर ‘इन धिस साइन’ ही कादंबरी लिहिली आणि तेथील खनिविद्यालयात मानववंशशास्त्राचे अध्यापनही केले.