उच्च प्राथमिक स्तरावर आनुवंशिकतेचे कृतियुक्त अध्यापन : वालाच्या दाण्यांचा प्रयोग

प्रस्तावना :
महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१७ व २०१८ साली आलेल्या अनुक्रमे इयत्ता ९ वी व १० वीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकांत आनुवंशिकतेवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तथापि या विषयाशी अनेक मुलांचा संबंध त्यापूर्वीच येतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वर्षे वयोगटाची तपासणी अभिप्रेत आहे. अहवालातील ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ मुलांना कळावा, यासाठी पनवेल परिसरातील शाळांना सहज करता येईल अशा एका कृतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कृती :
रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर वालाचे पीक घेतले जाते. एकाच आकाराचे दोन दाणे घेऊन एक लाल रंगवावा व ते पिशवीत ठेवावेत. अशा दोन पिशव्या म्हणजे वाहक माता व वाहक पिता. प्रत्येक पिशवीतून न पाहता एकेक दाणा काढावा. ही जोडी म्हणजे एक अपत्य. दोन्ही दाणे लाल असल्यास अपत्य आजारी, एकच लाल असल्यास वाहक. नोंद करून दाणे पुन्हा पिशवीत टाकावेत. वीस गटांनी प्रत्येकी वीस वेळा ही कृती केल्यास ४०० अपत्यांची नोंद होते. त्यांत सुमारे १०० आजारी आढळतात.

विवेचन :
‘चारांत एक’ याचा अर्थ प्रत्येक घरातील चार अपत्यांपैकी नेमके एक आजारी, असा अनेकदा घेतला जातो. वरील नोंदींचे चार-चार अपत्यांची १०० कुटुंबे असे गट पाडल्यास सुमारे ३२ कुटुंबांत एकही अपत्य आजारी नसते, ४२ कुटुंबांत एक, तर २६ कुटुंबांत एकाहून अधिक असतात. मागील अपत्यावर पुढील अपत्याची शक्यता अवलंबून नसते. ती प्रत्येक वेळी एक-चतुर्थांशच राहते. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या मेंडेल यांच्या शोधनिबंधात वाटाण्याचे ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले दाणे नोंदलेले आहेत. हे २.९६ : १ असे प्रमाण दिसले, ते दाण्यांच्या मोठ्या संख्येमुळेच.

दक्षता :
विद्यार्थ्यांच्या कुटुंबातील आजारांची वा शारीरिक लक्षणांची वर्गात चौकशी करू नये. जीभ वळवता येणे यासारखी लक्षणे एका जनुकावर ठरत नाहीत. त्यांवरून नात्याविषयी अकारण शंका निर्माण होऊ शकते.

निष्कर्ष :
वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे आणि आजारी अपत्य हा मातेचा दोष नव्हे. दाणा दोन्ही पिशव्यांतून येतो. एवढे जरी मुलांनी स्वतःच्या हाताने पडताळले, तरी या अध्यापनाचा हेतू साध्य होईल.