उचंत खात्यातील आवाज

आसनगाव स्थानकात सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या कानांत आता बिनतारी इअरबड्स सर्रास दिसतात. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील प्रवासी कल्याणच्या एसटीत बसतो, पण कानातील वस्तू तीच. शहापूरच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकाला माल मोजून देता देता घाऊक व्यापाऱ्याशी भाव ठरवण्याचे काम या इवल्याशा यंत्रामुळे सोपे झाले आहे. हात मोकळे राहतात आणि काम थांबत नाही. मात्र काही महिन्यांच्या वापरानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते : एका कानात आवाज मोठा आणि दुसऱ्या कानात बारीक.

तक्रार किरकोळ वाटते आणि तिच्यावरील उपायही तितक्याच सहजपणे केला जातो. कोणी आवाज आणखी वाढवतो. कोणी फोन घरातील एखाद्या जाणकार मुलाच्या हाती देतो. तो सेटिंग्जमध्ये जाऊन एक स्लायडर डावीकडून उजवीकडे सरकवतो आणि दोन्ही बाजू सारख्या करून देतो. काम दोन मिनिटांत होते. फरक का पडला, हे मात्र कोणी विचारत नाही.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वही लिहिली गेली, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. देशी वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. वर्षअखेरीस तेरीज काढली आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर मुनीमापुढे दोन मार्ग असतात. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून बेरीज जुळवावी, किंवा रात्री उशिरापर्यंत बसून चूक शोधावी. पहिल्या मार्गाने बेरीज जुळते, पण चूक तशीच राहते. फोनमधील तो स्लायडर म्हणजे आवाजाचे उचंत खाते होय. त्याची सोय असावी. परंतु फरक कशाचा हे कळल्यावाचून त्यात नोंद करू नये. हा फरक चार ठिकाणी उत्पन्न होऊ शकतो : ध्वनिमुद्रणात, फोनमध्ये, इअरबडमध्ये किंवा ऐकणाऱ्याच्या कानात. पहिल्या तिहींमध्ये फार तर काही रुपयांचे नुकसान होते. चौथ्याची भरपाई प्रत्येक वेळी होतेच असे नाही.

तीन पडताळण्या

दोन कानांसाठी दोन स्वतंत्र ध्वनी ही कल्पना नवी नाही. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अशा तबकड्या बाजारात आल्या आणि ‘स्टीरिओ’ हा शब्द घरोघरी पोहोचला. या पद्धतीत डाव्या आणि उजव्या बाजूचे ध्वनी वेगळे नोंदवलेले असतात. त्यामुळे एखादे वाद्य मुद्दामच एका बाजूला ठेवलेले असू शकते. प्रवचनांच्या किंवा सभांच्या घरगुती ध्वनिमुद्रणात याहून वेगळा प्रकार घडतो. ध्वनिक्षेपकाची तार यंत्राच्या एकाच बाजूला जोडलेली असते आणि वक्त्याचा आवाज केवळ एका कानात उमटतो. तेथे इअरबडचा काहीच दोष नसतो.

म्हणून पहिली पडताळणी मुद्रणाची. दुसरे गाणे, दुसरे भाषण लावून पाहावे. फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाची सोय असते. ती सुरू केली की दोन्ही बाजूंचे ध्वनी एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखेच पोहोचतात. ती सुरू करताच फरक नाहीसा झाला, तर दोष मुद्रणाचा होता असे समजावे. एकाच बाजूला उमटणारी जुनी प्रवचने ऐकायची असतील, तर ही सोय तशीच सुरू ठेवावी.

फरक कायम राहिला तर दुसरी पडताळणी फोनची. मोनो ऑडिओ सुरू ठेवूनच तेच इअरबड्स घरातील दुसऱ्या फोनला जोडावेत. त्या फोनवरही मोनो ऑडिओ सुरू करावा. तेथे दोन्ही बाजू सारख्या ऐकू आल्या, तर चूक पहिल्या फोनच्या मांडणीत आहे.

दुसऱ्या फोनवरही फरक पडत असेल, तर तिसरी पडताळणी कानाची. क्षणभर डावा इअरबड उजव्या कानाशी आणि उजवा डाव्या कानाशी धरावा. त्यांची घडण त्या त्या कानासाठी असल्याने ते नीट बसणार नाहीत, परंतु हाताने हलकेच धरून तुलना करण्यापुरते हे पुरेसे आहे. बारीक आवाज इअरबडबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष इअरबडचा. इअरबड बदलूनही आवाज त्याच कानात बारीक राहिला, तर दोष यंत्राचा नाही. तो कानाचा आहे.

या तीन पडताळण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. पुढील सर्व उपाय त्यांच्या निष्कर्षावर अवलंबून आहेत.

दोष फोनमध्ये असेल तर

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात जावे. तेथे ध्वनीसंबंधीच्या पानावर ‘ऑडिओ बॅलन्स’ हा स्लायडर आढळतो. सॅमसंगच्या फोनमध्ये तो याच विभागातील श्रवणविषयक पानावर असून जोडलेल्या उपकरणासाठी आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरसाठी निरनिराळा असू शकतो. आयफोनमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’मधील ‘ऑडिओ’विषयक पानावर हीच सोय आहे. घरातील लहान मुलाच्या हातून किंवा एखाद्या जुन्या प्रयोगामुळे तो मध्यावरून हललेला असतो. तो मध्यावर आणून ठेवावा. येथे स्लायडरला हात लावणे म्हणजे नवी उचंत नोंद करणे नव्हे. आधीची चुकीची नोंद दुरुस्त करणे होय. गाण्यांच्या ॲपमध्ये वेगळा इक्वलायझर किंवा ध्वनिपरिणाम सुरू असल्यास तोही बंद करून पाहावा.

दोष इअरबडमध्ये असेल तर

सर्वांत अधिक आढळणारे कारण सर्वांत साधे आहे : जाळीवर बसलेला मळ. दुकानदार बहुधा फोनवर बोलण्यासाठी एकच इअरबड वापरतात आणि दुसरा डबीतच राहतो. एकाच्या जाळीवर कानातील मळ, घाम आणि धान्याची किंवा मालाची धूळ साचत जाते. दुसरा कोरा राहतो. मग संध्याकाळी दोन्ही लावून भजन ऐकू लागले की फरक जाणवतो. त्यावर उपाय असा. रबरी टोपी काढून ती वेगळी पुसावी. इअरबडची जाळी खाली करून धरावी आणि मऊ, कोरड्या ब्रशने हळुवार झाडावी, म्हणजे निघालेला कण आत न जाता बाहेर पडतो. सुई, टाचणी किंवा आगपेटीची काडी जाळीत घालू नये. जाळी फाटली की इअरबड गेलाच. पाणी ओतणे किंवा तोंडाने जोरात फुंकणेही टाळावे.

शहापूर आणि मुरबाड हे भरपूर पावसाचे आणि भाताचे तालुके. ओली वस्तू तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला येथे सहज मिळतो. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या आयफोनबाबत असे न करण्याची सूचना दिली. तांदळाचे बारीक कण आत जाऊन इजा करू शकतात. इअरबडची छिद्रे तर आणखी नाजूक असतात. ओला इअरबड कोरड्या सुती कापडाने टिपून वाऱ्यावर ठेवावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डबीत घालून चार्ज करू नये.

त्यानंतर रबरी टोपीचा आकार पाहावा. टोपी सैल बसली की खालच्या पट्टीतील घनगंभीर स्वर निसटून जातात आणि त्या बाजूचा आवाज पोकळ वाटतो. डबीतील धातूच्या पिना मळल्या असतील तर एक इअरबड पुरता चार्ज होत नाही. त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. प्रत्येक इअरबडची बॅटरी स्वतंत्र असते. जो रोज आठ तास वापरला जातो त्याची लवकर थकते. मात्र थकलेली बॅटरी बहुधा आवाज कमी करत नाही, ती इअरबड लवकर बंद पाडते. हा भेद लक्षात ठेवावा. म्हणून फोनवर बोलण्यासाठी दोन्ही इअरबड्स आलटून पालटून वापरावेत. झीजही समान होते आणि दोन्ही कानांना विश्रांतीही मिळते.

एवढे करूनही फरक राहिला, तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून इअरबड्स काढून टाकावेत, माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे ते रीसेट करावेत आणि नव्याने जोडावेत. तरीही उपयोग न झाल्यास खरेदीचे बिल आणि वॉरंटीची मुदत पाहून कंपनीकडे जावे. दुसऱ्याला पक्के बिल देणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतःच्या खरेदीचे बिलही जपून ठेवावे.

आवाज वाढवण्याची किंमत

दोष न शोधता आवाज वाढवत नेणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबल पातळीचा ध्वनी आठवड्यातून जास्तीत जास्त ४० तास ऐकावा. ध्वनी दर ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला अवघे १० तास.

आता हिशेब मांडून पाहावा. मळामुळे डाव्या इअरबडचा आवाज ६ डेसिबलने घटला. तो पूर्वीसारखा ऐकू यावा म्हणून फोनचा आवाज तेवढाच वाढवला. डाव्या कानाला पूर्वीइतकेच मिळाले; पण निर्दोष असलेल्या उजव्या बाजूला ८०ऐवजी ८६ डेसिबल पोहोचू लागले आणि त्या कानाची मर्यादा ४० तासांवरून १० तासांवर आली. एका जाळीवरील मळाचा भुर्दंड चांगल्या कानाने भरला. लोकलच्या खडखडाटात किंवा एसटीच्या घरघरीत आवाज आधीच चढा ठेवलेला असतो, त्यामुळे हा भुर्दंड आणखी वाढतो.

दोष कानात असेल तर

तिसऱ्या पडताळणीत फरक कानाचा आहे असे दिसले, तर स्लायडरकडे पाहूही नये. कारण कदाचित साधे असेल. कानात मळ घट्ट बसला असेल, सर्दीने कान दडपला असेल. तो मळ घरी काडीने कोरणे किंवा गरम तेल ओतणे धोक्याचे आहे; डॉक्टर तो सुरक्षितपणे काढून देतात. परंतु एक कारण असे आहे की ज्यात विलंब परवडत नाही. कधी कधी एका कानाची श्रवणशक्ती अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत घटते. आतल्या कानाचा हा विकार आहे. सोबत कानात गुणगुण किंवा चक्कर असू शकते. वेदना असेलच असे नाही. अनेकांना तो सकाळी उठल्यावर किंवा फोन कानाला लावल्यावर लक्षात येतो, आणि ते बिघाड फोनचाच समजतात. यावर औषधोपचार आहेत, परंतु ते पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. दोन ते चार आठवडे उलटून गेल्यावर गेलेले श्रवण परत मिळण्याची आशा कमी होत जाते.

येथेच खरी मेख आहे. दुकान सांभाळणाऱ्या माणसासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे बहुधा कल्याण किंवा ठाणे गाठणे आणि एका दिवसाच्या धंद्यावर पाणी सोडणे. “पुढच्या आठवड्यात पाहू” हे वाक्य अशा वेळी सहज तोंडी येते. स्लायडर सरकवून दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या की तेही वाक्य विसरले जाते. तेरीज जुळते आणि चूक उचंत खात्यात पडून राहते. अचानक आलेला एका कानाचा बहिरेपणा हे त्याच दिवशी निघून डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे. आवाज हळूहळू कमी होत गेला असेल, तरी श्रवणचाचणी करून घ्यावी. तिला वेदना नाहीत आणि वेळही थोडाच लागतो.

स्लायडरचा योग्य उपयोग याच्या पुढचा आहे. डॉक्टरांनी तपासले, एका कानाचे श्रवण कायमचे कमी आहे असे निश्चित झाले, की मग त्या फरकाची नोंद फोनमध्ये करावी. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांच्यासाठी मोनो ऑडिओ तर वरदान आहे. दुसऱ्या बाजूचे शब्दही त्यांना चांगल्या कानात मिळतात. या दोन्ही सोयी ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ठेवण्यामागचा हेतूच तो आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये त्या योग्य प्रकारे लावून देणे ही नव्या पिढीकडून सहज होण्याजोगी सेवा आहे. मात्र त्यापूर्वी त्यांना दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का, हे एकदा विचारावे. वयस्कर माणसे अशी तक्रार आपणहून क्वचितच करतात.

दिवाळीत नवी वही घालण्यापूर्वी जाणता व्यापारी उचंत खाते उघडून पाहतो, एकेक रक्कम तिच्या खऱ्या खात्यात नेतो आणि बाकी शून्यावर आणतो. त्याच बैठकीत घरातील प्रत्येकाने फोनमधील तो स्लायडर उघडून पाहावा. तो मध्यावर नसेल, तर तो कोणी आणि कशासाठी सरकवला, याचे उत्तर त्याच दिवशी शोधावे.