हातगुण आणि तीस तास

महिन्यातून एखाद्या रविवारी लालबागच्या माझ्या दवाखान्याच्या दारावर पाटी लागते : ‘डॉक्टर व्याख्यानाला गेले आहेत. संध्याकाळी सहानंतर भेटतील.’ ती पाटी पहिल्यांदा लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी शुगरची गोळी लिहून घ्यायला आलेल्या आजींनी विचारलं, ‘‘डॉक्टर, तुम्ही अजून शिकताय? म्हणजे अजून सगळं येत नाही?’’ त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच काळजी वाटली होती. वीस वर्षं ज्याच्या हातात नाडी दिली, त्याचंच शिक्षण अपुरं निघालं की काय!

त्या दिवशी बाहेर बाकावर बरीच माणसं बसली होती, म्हणून ‘‘आजी, शिकणं कधी संपत नाही,’’ एवढंच म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे. डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाला आम्ही सगळे ‘सीएमई’ म्हणतो आणि त्याबद्दल रुग्णांच्या मनात जेवढे गैरसमज आहेत, तेवढेच आम्हा डॉक्टरांच्याही मनात आहेत.

गैरसमज : हाताला गुण असला की पुरे. डॉक्टर जितका जुना, तितका चांगला.

हातगुणावरचा विश्वास मी मोडीत काढणार नाही. कुणाच्या घरात दमा आहे, गिरणी बंद पडल्यावर कोण दारूकडे वळलं, कोणती सून दुखणं अंगावर काढते, हे एका चाळीत वर्षानुवर्षं जाणाऱ्या डॉक्टरला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही यंत्राला कळत नाही. पण माणसं ओळखणं वेगळं आणि आजचा योग्य उपचार माहीत असणं वेगळं. २००५ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रश्न हाच होता : व्यवसायातली वर्षं वाढतात तशी डॉक्टरच्या कामाची गुणवत्ता वाढते का? त्यांपैकी ३२ अभ्यासांत, म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी, ती तपासलेल्या प्रत्येक बाबतीत घसरलेली दिसली.

मला याचं आश्चर्य वाटत नाही. डॉक्टर ज्या वर्षी परीक्षा पास होतो, त्या वर्षाचं घड्याळ त्याच्या डोक्यात थांबून राहू शकतं. मी शिकलो तेव्हा सरकारी कार्यक्रमात क्षयाच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस द्यायचे. २०१७ पासून त्या रोज देतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा उपचार तेव्हा दीड-दोन वर्षं चालायचा. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांची सहा महिन्यांची पद्धत आली आहे, आणि सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिला मंजुरी दिली. हे ज्याच्या कानावर आलं नाही, तो अतिशय प्रेमाने, अतिशय अनुभवाने रुग्णाला जुन्याच वाटेवर ठेवील.

अनुभवाच्या पलीकडचं कधी दिसू शकतं याचं उदाहरण याच शहरात आहे. मेट्रो सिनेमाच्या समोर, धोबीतलावच्या कोपऱ्यावर एक पुतळा उभा आहे. तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा. गोव्याहून आलेला, मुंबईत खासगी व्यवसाय करणारा हा डॉक्टर. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला पाहून त्यांनी सांगितलं, की हा गाठीचा प्लेग आहे. मुंबईत पिढ्यानपिढ्या न दिसलेला रोग! केवळ आजवर पाहिलेल्या रुग्णांच्या आठवणीवर विसंबून हे निदान होणं शक्य नव्हतं. त्यानंतर जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. रविवारी व्याख्यानाला जाताना मी हाफकिन संस्थेच्या भिंतीलगत चालत जातो, तेव्हा ही सगळी साखळी एका दवाखान्यातल्या डॉक्टरपासून सुरू झाली हे आठवल्याशिवाय राहत नाही.

गैरसमज : तीस तास भरले, म्हणजे डॉक्टर अद्ययावत झाला.

हा गैरसमज आमचा, डॉक्टरांचा. २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेत लिहिलं आहे, की डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर शिक्षणात घालवावेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं असतं, आणि त्या वेळी या तासांचे क्रेडिट दाखवावे लागतात. सक्ती आली हे चांगलंच झालं. पण हिशेब मांडून पाहा : पाच वर्षांचे महिने साठ. तीस तास साठ महिन्यांत वाटले, तर महिन्याला अर्धा तास येतो. आमच्या दवाखान्यात तापाचे चार रुग्ण तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

आणि तो अर्धा तास तरी कसा जातो? थंड सभागृह, अंधार, पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड, मागच्या रांगेत डोळा लागलेले दिवसभराचे थकलेले सहकारी. १९९९ साली डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात दाखवून दिलं, की नुसत्या ऐकण्याच्या व्याख्यानाने डॉक्टरचं रोजचं वागणं बदलत नाही. प्रश्न विचारले, रुग्णांची उदाहरणं सोडवली, हाताने करून पाहिलं, तर बदलतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००९च्या आढाव्यात ८१ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, आणि शैक्षणिक सभांमुळे योग्य उपचारांच्या प्रमाणात पडलेल्या फरकाचा मध्यक सहा टक्क्यांच्या आसपास निघाला. सहा टक्के अगदीच फेकून देण्यासारखे नाहीत. पण सभेवरून घरी परतताना ‘आता मला येतं’ असं जे समाधान वाटतं, तेवढ्याला ते पुरत नाहीत.

या बाबतीतला सगळ्यात बोचरा पुरावा दादर-माहीमच्या शेजारचा, धारावीतला आहे. १९९१ साली मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी तिथल्या शंभर खासगी डॉक्टरांना विचारलं, की क्षयावर काय लिहून द्याल? शंभर डॉक्टरांकडून ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना आल्या. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न धारावीतल्या १०६ डॉक्टरांना विचारला. हे सगळे एका सीएमईला आलेले डॉक्टर होते. म्हणजे शिकायची इच्छा असलेले, रविवार खर्ची घालणारे. १०६ जणांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या. बरोबर लिहिणारे सहा. २०१०मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं, आणि मग कपाटातून माझे जुने केसपेपर काढून बसलो.

कागदावर काय लिहाल हा एक प्रश्न, आणि समोर माणूस बसला की प्रत्यक्षात काय करता हा दुसरा. २०१४-१५मध्ये मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षण दिलेली माणसं खोकल्याचे रुग्ण बनून खासगी दवाखान्यांत गेली. अशा २,६०२ भेटींपैकी ३५ टक्के भेटींत योग्य ते केलं गेलं. एमबीबीएस डॉक्टरांची कामगिरी इतरांपेक्षा सरस होती, पण तीही समाधान मानावं अशी नव्हती.

हे असं का होतं, ते मला संध्याकाळी साडेसातला कळतं. बाहेर तीस माणसं. समोर टॅक्सी चालवणारा माणूस, तीन आठवडे खोकला. त्याला उद्या गाडीवर जायचंच आहे. थुंकी तपासायला पाठवलं तर त्याचा अर्धा दिवस जाणार आणि ‘मला टीबी म्हणतोय’ म्हणून तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल अशी भीती. हात आपसूक लिव्होफ्लॉक्सॅसिनकडे जातो. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं, म्हणून चार दिवस त्याला बरं वाटतं, तो दुवा देतो, आणि निदान दोन महिने पुढे ढकललं जातं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पाठ असलेलं वाक्य साडेसात वाजता हातात उतरवणं, हे शिक्षण कुठल्याही तीस तासांत शिकवलं जात नाही.

गैरसमज : नवं काय ते एमआर येऊन सांगतोच. आणि सीएमई म्हणजे कंपनीचं जेवण.

दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि ते कबूल करायला हवं. औषध कंपनीचा प्रतिनिधी मेहनती असतो, पावसात भिजत येतो, पण तो त्याच्या कंपनीच्या गोळीबद्दल सांगतो. जुनी स्वस्त गोळी तितकीच चांगली आहे, हे सांगणं त्याचं काम नाही. डिसेंबर २००९मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती होऊन कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना बंदी झाली. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम आले. कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या शिक्षणापासून डॉक्टरांना दूर ठेवण्याचं कलम त्यांत होतं, पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. माझं मत स्पष्ट आहे : सभागृहाचं भाडं आणि चहा आम्ही वर्गणीतून भरावा. या शहरात ते नवं नाही. बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ साली स्थापन झाली, तेव्हा डॉक्टरांना एकत्र बसायला कुठल्या कंपनीची गरज पडली नव्हती.

गैरसमज : मोबाइलवर घरबसल्या व्याख्यान ऐकलं की भागतं.

दूरच्या तज्ज्ञाचं ऐकायला मोबाइल उत्तम. पण आमच्याजवळच्या हिंदमाता परिसरात कमरेएवढं पाणी साचलं, की दुसऱ्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात काय येणार, हे दूरच्या व्याख्यात्याला माहीत नसतं. लेप्टोस्पायरोसिस सुरुवातीला डेंगी-मलेरियासारखाच दिसतो : ताप, अंगदुखी, डोळे लाल. २६ जुलै २००५च्या पुरानंतर त्याने या शहराला चांगलाच धडा दिला. वेळेवर ओळखण्याची चावी एका साध्या प्रश्नात आहे : ‘‘पाण्यातून चालत आलात का? पायाला जखम होती का?’’ साचलेल्या पाण्यातून गेलेल्या माणसाने ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन चालतं. गरोदर बाई आणि लहान मूल यांचं औषध वेगळं. हे जून महिन्यात, परळ-लालबागच्याच डॉक्टरांनी एकत्र बसून उजळायला हवं, आणि त्या बैठकीत महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकाही असायला हव्यात. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर कुणाला ताप आहे, हे त्यांना माझ्याआधी कळतं.

आयुर्वेद आणि होमिओपॅथीची पदवी घेतलेले कितीतरी डॉक्टर याच गल्ल्यांत ताप-खोकला बघतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एका वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केल्यावर काय द्यावं, यावर २०१४च्या कायदादुरुस्तीपासून भांडण चालू आहे. ते भांडण सुटेल तेव्हा सुटेल. तोवर दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायला पाठवा, एवढं तरी सगळ्यांनी एकाच सभागृहात बसून शिकावं असं मला वाटतं.

गैरसमज : डॉक्टरने पुस्तक उघडलं किंवा चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं, म्हणजे त्याला येत नाही.

आजींचा प्रश्न मुळात हाच होता. मी त्यांच्यासमोर मोबाइलवर गोळीची मात्रा तपासतो, तेव्हा त्यांच्या किडनीच्या रिपोर्टशी ती जुळते का हे बघत असतो. पंधरा वर्षांपूर्वी हे लपूनछपून, आतल्या खोलीत जाऊन करायचो. आता समोर करतो, आणि काय बघतोय तेही सांगतो.

चिठ्ठीची गोष्ट मात्र मला जास्त लागते. माझ्या दवाखान्यापासून केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर. शिवडीचं क्षयरुग्णालय थोडं पलीकडे. देशभरातून माणसं रात्रभर रेल्वेने प्रवास करून जिथे येतात, तिथे माझा रुग्ण चपला घालून जातो. मी चिठ्ठी लिहितो, ती जाते. उत्तर येत नाही. तिथल्या निवासी डॉक्टरला उसंत नसते, त्याला दोष देत नाही. पण माझा अंदाज बरोबर होता की चूक, हे मला कळलं नाही, तर मी पुढच्या रुग्णाला तोच अंदाज लावणार.

म्हणून गेली काही वर्षं मी रुग्णांना सांगतो, ‘‘तिथून सुटलात की प्लॅस्टिकच्या पिशवीतले सगळे कागद घेऊन आधी माझ्याकडे या. फी नाही.’’ डिस्चार्ज कार्ड वाचतो आणि एका वहीत दोन ओळी लिहितो : मला काय वाटलं, निघालं काय. नाव लिहीत नाही, वय आणि तक्रार फक्त. एक नोंद अशी आहे : ‘५२ वर्षं, पुरुष, तीन आठवडे खोकला. मी दोनदा अँटिबायोटिक दिलं. थुंकी तपासली नाही. निघाला क्षय.’ ते पान मी फाडलेलं नाही. आम्ही सहा-सात जण आता आपापल्या वह्या घेऊन बसतो. व्याख्याता नसतो, स्लाइड नसतात, क्रेडिटही मिळत नाही. एक जण नोंद वाचतो आणि बाकीचे विचारतात, ‘‘तू त्या दिवशी अजून काय विचारायला हवं होतंस?’’

त्या आजी गेल्या महिन्यात पायाला झालेली जखम दाखवायला आल्या. आठवडाभर हळद लावून बघितली होती. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, तळव्याला बारीक नायलॉनचा तंतू टेकवत ‘‘कळतंय का?’’ विचारत गेलो. दहांपैकी चार ठिकाणी त्या गप्प राहिल्या. ‘‘हे आधी कधी केलं नव्हतंत,’’ त्या म्हणाल्या. नव्हतं केलं. मार्चमधल्या एका रविवारी शिकलो, असं मी त्यांना सांगितलं, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

‘‘पाटी परत कधी लागणार?’’ त्यांनी जाताना विचारलं. ‘‘येत्या रविवारी. सोमवारी रुग्णालयातले कागद घेऊन या.’’